आधी नवं मैदान द्या, मग जुन्याला हात लावा : नगर परिषदेला खुलं पत्र

प्रति,
मा. नगराध्यक्ष, सर्व नगरसेवक-नगरसेविका आणि मुख्याधिकारी,
आपली नगर परिषद.

सप्रेम नमस्कार.

मागच्या पंधरवड्यात एका सकाळी मार्केटच्या मैदानावर मोजणीची माणसं आली. त्यांनी टेप धरला, चुन्याची एक सरळ रेघ मारली, दोन्ही टोकांना लोखंडी खुंट्या ठोकल्या आणि निघून गेली. ती रेघ रस्त्याकडच्या गोलपोस्टच्या पुढ्यातून, पेनल्टीच्या जागेच्या थोडी पलीकडून जाते. संध्याकाळी पोरं सरावाला आली तेव्हा चुना अजून ताजा होता. सातवीतला एक मुलगा रेघेच्या अलीकडे उभा राहिला आणि मला म्हणाला, "काका, मंग आता आपन खेळाचं कुठी?"

मला उत्तर देता आलं नाही. ते तुमच्याकडे आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला लिहितो आहे. गावातल्या प्रत्येकाला वाचता यावं म्हणून उघडपणे लिहितो आहे.

डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीत तुम्ही निवडून आलात. त्याआधी जवळपास चार वर्षं नगर परिषदेवर प्रशासक होते आणि गाऱ्हाणं सांगायला आपल्या वॉर्डाचा माणूस नव्हता. मैदानावर व्यापारी संकुल बांधण्याचा ठराव त्याच काळातला आहे. तो तुमचा नाही, हे मला मान्य आहे. पण येत्या सर्वसाधारण सभेत त्याच्या निविदेचा विषय तुमच्यासमोर येणार आहे आणि हात तुम्ही वर करणार आहात. ठरावात काय आहे ते गावाला नीट माहीत नाही, म्हणून सांगतो. मैदानाच्या रस्त्याकडच्या बाजूने दुमजली गाळे, त्यांच्या मागे वाहनतळ आणि उरलेल्या जागेत मुलांसाठी खेळण्याची सोय. फुटबॉलसाठी नव्या स्टेडियमचा प्रस्ताव वेगळा विचारात घ्यावा, असंही शेवटी एका ओळीत लिहिलेलं आहे.

ही शेवटची ओळ मी आयुष्यात तिसऱ्यांदा वाचतो आहे. पत्र लिहिण्याचं खरं कारण तेच.

माझा या मैदानाशी संबंध काय, ते आधी सांगतो. माझे वडील जिनिंगमध्ये रेच्यावर, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रावर, कामाला होते. त्यांच्यासारखे आठ-दहा कामगार, शाळेतले एक पी.टी.चे गुरुजी आणि नागपूरजवळच्या कामठीहून बदली होऊन आलेला रेल्वेचा एक कर्मचारी, अशा लोकांनी मिळून आमचा क्लब सुरू केला. ब्रिटिशांनी १८२१ मध्ये कामठीला छावणी वसवली. पलटणींच्या त्या गावात फुटबॉल रुजला आणि असाच एकेका माणसासोबत विदर्भातल्या लहान गावांपर्यंत पोचला. तेव्हा आपलं हे मैदान कापसाचा बाजार होतं. दिवाळीनंतर कापसाच्या बंड्या लागायच्या, रात्रभर रांगा असायच्या, सगळीकडे सरकीचा वास आणि बैलांचं शेण. उलंगवाडी झाली, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी संपली, आणि बाजार ओसरला की मैदान आमचं व्हायचं, ते पावसाने पार चिखल होईपर्यंत. माझ्या लहानपणी आमच्या खेळाचा हंगाम असा कापसावर ठरत असे. पुढे बाजार समिती बायपासला गेली आणि मैदान वर्षभर मोकळं राहू लागलं.

दहाव्या वर्षी मी इथे पहिल्यांदा अनवाणी खेळलो. आज चोपन्नाव्या वर्षी, मैदानासमोरच माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे आणि संध्याकाळी साडेपाचला शटर अर्धं ओढून मी पोरांना शिकवायला जातो. सध्या ६३ मुलं आणि २२ मुली येतात. त्यांत शेतमजुरांची आहेत, हमालांची आहेत, शिक्षकांची आहेत, कापड दुकानदारांचीही आहेत. फी नाही. चेंडू, जाळी, चुना यांचा खर्च जुने खेळाडू वर्गणीतून करतात. माझी मुलगी इथेच गोलकीपर झाली आणि पुढे विद्यापीठाच्या संघातून खेळली. नगरसेवकांत बसलेल्या तिघांना तर मी स्वतः पास दिलेले आहेत. त्यांना हे मैदान मी नव्याने सांगायची गरज नाही.

आता तक्रारी. सगळ्यांना सारखी जागा देत नाही, कारण सगळ्या सारख्या नाहीत.

सगळ्यात जुनी गोष्ट आरक्षणाची. नव्वदच्या दशकात गावाची विकास योजना मंजूर झाली, तेव्हा पूर्वेकडच्या वेशीबाहेर सात एकर जमीन क्रीडांगण आणि स्टेडियमसाठी आरक्षित झाली होती. नकाशावर हिरवा चौकोन होता. वडिलांनी तो मला बोट ठेवून दाखवला होता. जमीन खासगी होती, म्हणजे नगर परिषदेने मोबदला देऊन ती संपादित करायला हवी होती. आम्ही दरवर्षी अर्ज दिले. दरवर्षी निधी नाही असं उत्तर आलं. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याचं कलम १२७ काय सांगतं ते आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. नगर परिषदेला ठाऊक असायला हवं होतं. योजना अंमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि नोटिशीनंतर ठरलेल्या मुदतीत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण आपोआप संपतं. ही मुदत मुळात सहा महिन्यांची होती, नंतर बारा झाली आणि २०१५ पासून चोवीस महिन्यांची आहे. आपल्या जमिनीच्या वेळी सहा महिनेच होते. मालकाने नोटीस दिली. सहा महिने नोटीस टेबलावर पडून राहिली. आरक्षण गेलं, ले-आउट पडलं, प्लॉट विकले गेले. मालकाला मी दोष देत नाही, दहा वर्षं त्याचं वावर अडकून पडलं होतं आणि कायद्याने दिलेला हक्क त्याने वापरला. पण त्या सहा महिन्यांत क्लबला एका शब्दाने कोणी कळवलं नाही. आम्हाला कळलं ते धुऱ्यावरच्या बाभळी तोडायला माणसं आली तेव्हा.

आणखी एक नुकसान त्याच काळात झालं, ते फार कोणाच्या लक्षात नाही. नवं स्टेडियम पूर्वेला होणारच आहे, असं म्हणून जुन्या मैदानाचा दक्षिणेकडचा तुकडा पाण्याच्या टाकीसाठी आणि पंपघरासाठी दिला गेला. टाकी गावाला हवीच होती. आम्ही विरोध केला नाही, उलट गोलपोस्ट उचलून आम्हीच अलीकडे आणले. स्टेडियम आलं नाही आणि गेलेला तुकडा परत आला नाही.

दुसरी वेळ तालुका क्रीडा संकुलाची. तालुक्याला संकुल मंजूर झालं तेव्हा आम्ही फटाके वाजवले होते. जागा निवडली ती हायवेला सहा किलोमीटरवर, ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी पडीक जमिनीच्या, टेकडीवर. साडेतीन एकर. त्यात कार्यालय झालं, एक हॉल झाला, भिंत झाली आणि दोनशे मीटरचा ट्रॅक आखला गेला. मैदान आखणाऱ्या कोणालाही विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं की चारशे मीटरच्या ट्रॅकच्या आत पूर्ण मापाचं फुटबॉलचं मैदान बसतं, दोनशेच्या आत बसत नाही. आम्ही हे लेखी दिलं होतं, पोच माझ्याकडे आहे. आज तिथे कुलूप असतं, पाण्याची सोय नाही, आणि संध्याकाळी साडेसहानंतर परतायला एस.टी. नाही. सहा किलोमीटर हायवेने सायकलवर बारा वर्षांच्या मुलीला पाठवा, असं मी कोणत्या आईला सांगू? या संकुलाचं भूमिपूजन झालं त्याच महिन्यात जुन्या मैदानाचा पश्चिमेकडचा पट्टा भाजी बाजाराच्या ओट्यांसाठी गेला. कारण पुन्हा तेच होतं, की खेळाडूंना आता संकुल मिळालं आहे.

म्हणजे दोनदा नव्या स्टेडियमचं वचन मिळालं आणि दोनदा त्या वचनाच्या बदल्यात जुनं मैदान कापलं गेलं. मी कोणाच्या हेतूवर बोट ठेवत नाही, वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी माणसं होती. परिणाम मात्र दोन्ही वेळा एकच झाला. म्हणून आता तिसऱ्यांदा तीच ओळ वाचली आणि झोप लागली नाही.

आज मैदान किती उरलंय ते मी, माझी मुलगी आणि दोन पोरांनी मिळून मोजलं. खेळण्यासारखी जागा ९४ मीटर लांब आणि ५२ मीटर रुंद आहे. फुटबॉलच्या नियमांनुसार मैदान कमीत कमी ९० मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद लागतं. आंतरराष्ट्रीय सामन्यांना नेहमी वापरतात ते माप १०५ बाय ६८. म्हणजे आपण अगदी काठावर आहोत, पण नियमात आहोत. चुन्याच्या रेघेच्या पलीकडचं गेलं की लांबी ७० मीटरच्या आत येते. मग त्याला कितीही हिरवं गवत लावा, नवे दिवे लावा, कुठल्याही स्पर्धेचा सामना तिथे होऊ शकत नाही. ठरावातली "खेळण्याची सोय" म्हणजे नेमकं हे.

मापाने काय फरक पडतो, असं एका अधिकाऱ्यांनी मला विचारलं होतं. त्यांना मी आमच्या मुलींचं सांगितलं, तुम्हालाही सांगतो. शालेय स्पर्धेत तालुका जिंकून आमच्या मुली जिल्ह्याला गेल्या. तिथे त्यांनी पूर्ण मापाचं मैदान पहिल्यांदा पाहिलं. आमची गोलकीपर आठवीतली, अंगाने दणकट. इथे तिची किक मध्यरेषा ओलांडून समोरच्या बॅकच्या डोक्यावर पडते. तिथे तिने पहिली गोलकिक मारली आणि चेंडू मध्यरेषेच्या बराच अलीकडे, थेट समोरच्या संघाच्या पायात पडला. दुसरी तशीच. तिसऱ्या वेळी ती चेंडू ठेवून माझ्याकडे बघत राहिली. कडेने धावणाऱ्या मुलींचा अंदाज चुकत होता, कॉर्नर गोलपर्यंत पोचत नव्हते, मधल्या फळीत एवढी जागा उघडी पडत होती की कोणी कोणाला झाकायचं तेच कळेना. पाच गोलने हरलो. परत येताना काळीपिवळीत कोणी बोलत नव्हतं. आमची गोलकीपर फक्त एवढंच म्हणाली, "सर, ते मैदान संपतच नव्हतं." खेळात त्या कमी नव्हत्या, हे मी तीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो. त्यांना लहान घरात पळायला शिकवलं आणि मोठ्या अंगणात सोडून दिलं.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. मैदान सभेला, प्रदर्शनाला, सर्कशीला, फटाक्यांच्या दुकानांना भाड्याने जातं. जावो, गावाला जागा लागते. पण मंडप निघाला की बांबूचे खड्डे तसेच राहतात आणि मातीत खिळे राहतात. मागच्या हिवाळ्यात एका पोराच्या टाचेत दोन इंची खिळा गेला. माझ्या दुकानाच्या बाकड्यावर बसवून, पक्कडने तो मी काढला, त्याचा हात माझ्या खांद्यावर घट्ट होता आणि तो रडला नाही. नंतर त्याला धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला घेऊन गेलो. तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमानंतर आम्ही दोरीला लोहचुंबक बांधून सगळं मैदान फिरतो. एकदा पाऊण डबा खिळे निघाले. भाडं नगर परिषद घेते, खिळे पोरं वेचतात. हेलिपॅडसाठी टाकलेली खडी आजही पूर्वेच्या कोपऱ्यात तशीच आहे.

१५ सप्टेंबर २०१७ तुम्हाला आठवत असेल. सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात होणार होता आणि त्या निमित्ताने राज्य शासनाने एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवायचं ठरवलं होतं. शाळाशाळांत चेंडू आले. गावातल्या सगळ्या शाळा त्या दिवशी कुठे आणल्या होत्या? याच मैदानावर. मुलं ओळीने उभी होती, मान्यवरांनी पहिली किक मारली, फोटो निघाले. त्या दिवशी पहिल्यांदा चेंडूला पाय लावलेली तिसरीतली तीन पोरं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्याकडे आली. त्यातले दोघे आज क्लबच्या मोठ्या संघात आहेत. शासनाने बोलावलं, पोरं आली, राहिली. आता त्यांच्या पायाखालची जमीन काढू नका.

आमच्या क्लबचं जे चाललं आहे ते जगात इतरांचंही झालं आहे. मोठ्या पोरांनी मला इंग्लंडमधल्या ब्रायटनची गोष्ट सांगितली, मग मी ती नीट वाचून काढली. समुद्रकाठच्या त्या गावचा क्लब १९०२ पासून गोल्डस्टोन नावाच्या मैदानावर खेळत होता. क्लबवर कर्ज झालं, चालकांनी मैदान विकलं आणि नवं कुठे होणार हे ठरलेलं नसतानाच १९९७ मध्ये तिथला शेवटचा सामना झाला. त्या जागेवर दुकानं उभी राहिली. पुढची दोन वर्षं त्या क्लबने आपले घरचे सामने शंभर किलोमीटरहून दूर, दुसऱ्याच गावच्या मैदानावर खेळले. मग १९९९ पासून बारा वर्षं आपल्याच गावातल्या एका धावण्याच्या स्टेडियममध्ये, जिथे प्रेक्षक आणि खेळाडू यांच्यामध्ये ट्रॅक होता. लोकांनी पाठपुरावा सोडला नाही. १९९९ मध्ये गावात मतदान घेतलं गेलं, त्यात नव्या जागेच्या बाजूने कौल आला. २००५ मध्ये सरकारची परवानगी मिळाली, तिला शेजारच्या परिषदेने आव्हान दिलं, २००७ मध्ये ती पुन्हा मिळाली आणि २०११ मध्ये फाल्मर इथे नवं स्टेडियम सुरू झालं. मैदान गेल्यापासून चौदा वर्षं. त्यांच्याकडे पगारी खेळाडू होते, वकील होते, हजारो समर्थक होते, म्हणून ते चौदा वर्षं तग धरू शकले. आमच्याकडे ८५ मुलं आणि एक सायकलचं दुकान आहे. आमचं मैदान एक पावसाळा बंद राहिलं तरी पोरं पांगतील. दहावीनंतरचे मोबाइलमध्ये जातील, काही नको त्या ठिकाणी जाऊन बसतील, आणि मुली घरी बसतील. मुली एकदा घरी बसल्या की त्यांना पुन्हा मैदानावर आणायला किती वर्षं लागतात ते मला माहीत आहे. पहिल्या चार मुली आणायला मला सहा वर्षं लागली होती.

नगर परिषदेची बाजू मी ऐकून घेतली आहे. उत्पन्न नाही, सफाई कामगारांचे पगार थकतात, गाळ्यांचं भाडं येईल. हे खोटं नाही. पण बसस्टँडजवळच्या आपल्याच संकुलाच्या वरच्या मजल्यावर एकदा चढून बघा. गाळ्यांची अनेक शटर उघडलेलीच नाहीत, कुलपं गंजली आहेत. आधी ते गाळे लावा. मैदानावर नवे बांधायची घाई कशासाठी, याचा हिशेब सभेत मांडा, गाव ऐकून घेईल.

आणि स्टेडियम म्हणताना तुमच्या डोळ्यांसमोर जे येतं आणि आमच्या डोळ्यांसमोर जे आहे, त्यात मोठा फरक आहे. त्यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण प्रत्येक वेळी प्रस्ताव गॅलरीपासून सुरू होतो आणि पैशांपाशी अडतो. गॅलरी आम्ही मागत नाही. कमान मागत नाही. फुटबॉलचं स्टेडियम आधी जमिनीत बांधावं लागतं. आपली माती काळी कपाशीची. पावसात फुगते, पाय धरून ठेवते, उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की पोराचा पाय घोट्यापर्यंत आत जातो. वर मुरूम टाकून रोलर फिरवला की काम झालं, असं समजलं जातं. वर्षभरात मुरूम खाली बसतो, खालची माती वर येते, आणि मुरमावर घसरलेल्या पोराचं गुडघं बघा, खरवडून निघतं, त्यात बारीक खडे रुतलेले असतात. करायचं ते असं : वरची काळी माती दीड-दोन फूट काढून बाजूला ठेवायची, खाली मुरूम थरांनी दाबायचा, त्यावर वाळू मिसळलेली मऊ माती, मग दूर्वा. मध्यरेषेपासून दोन्ही कडांकडे साधारण अर्ध्या फुटाचा उतार, कडेने नाली, एक बोअर. मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा पोरं पहाटे साडेपाचला खेळतात, म्हणून प्यायचं पाणी आणि सावलीला चार कडुलिंब. मुलींसाठी दाराला आतून कडी असलेली एक खोली आणि संडास. एवढंच. जागा लागते ती सगळं धरून सव्वादोन एकर. तालुका क्रीडा संकुलासाठी अनुदानाची मर्यादा शासनाने २०२२ मध्ये १ कोटीवरून ५ कोटी केली आहे. मैदान करायला पैसा कुठून आणायचा, या प्रश्नाचं उत्तर आता पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. विदर्भात काय होऊ शकतं ते आपण क्रिकेटमध्ये पाहिलं. नागपूरजवळ जामठ्याला २००८ मध्ये स्टेडियम उभं राहिलं आणि त्यानंतरच्या वर्षांत विदर्भाने रणजी करंडक तीनदा आणला. नागपुरात विजय बारसे सरांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल दिला आणि त्यातली मुलं परदेशात जाऊन खेळली. आपल्या गावची पोरं त्यांच्यापेक्षा कमी नाहीत.

आता मागण्या. त्या सभेच्या इतिवृत्तात जशाच्या तशा नोंदवाव्यात, ही विनंती.

मार्केटच्या मैदानावरच्या गाळ्यांची निविदा काढू नका, आणि तो ठराव येत्या सभेत रद्द करा. ही पहिली मागणी आहे आणि बाकीच्या सगळ्या हिच्यानंतर येतात.

दुसरी मागणी कागदाची आहे, पण माझ्या मते हीच सगळ्यात मोठी. सारं गाव ज्याला मैदान म्हणतं ते एकाही कागदावर मैदान नाही. जागा नझूलची, म्हणजे गावातली सरकारी जमीन, आहे आणि विकास योजनेत आजही तिथे बाजार लिहिलेला आहे. बाजार जाऊन कितीतरी वर्षं झाली. ते लिहिलेलं तसंच राहिलं म्हणून प्रत्येक नव्या माणसाला तिथे दुकानं सुचतात. वर सांगितलेल्या नगररचना अधिनियमाच्याच कलम ३७ प्रमाणे योजनेत किरकोळ फेरबदल करता येतो. नगर परिषदेने प्रस्ताव करायचा, जाहीर नोटीस काढायची, लोकांच्या हरकती-सूचना घ्यायच्या आणि शासनाकडे मंजुरीला पाठवायचा. ही प्रक्रिया सुरू करा आणि ती जागा क्रीडांगण म्हणून नोंदवा. सूचना द्यायला एक महिना असतो. गावातून किती अर्ज येतात ते तुम्ही स्वतः मोजा. बंगळूरमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला दिली गेली होती, तेव्हा तिथले रहिवासी न्यायालयात गेले आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रहिवाशांच्या बाजूने निकाल दिला. आम्हाला कोर्टात जायचं नाही. आपल्याच माणसांशी भांडायला वकील लावावा लागू नये, एवढीच इच्छा आहे.

नवं स्टेडियम जरूर करा. पण गावात किंवा गावाला लागून, पूर्ण मापाचं, जागा सातबाऱ्यावर नगर परिषदेच्या नावे झाल्यावर. आणि नव्या मैदानावर पहिला सामना खेळला जाईपर्यंत जुन्या मैदानाची एक वीतही कमी करू नका. हे तोंडी नको, ठरावात लिहून द्या. टेकडीवरच्या संकुलाची समितीही तुमच्या तालुक्याचीच आहे. कुलूप कोणाकडे आहे, मैदान का बसलं नाही आणि आता बसवता येईल का, हे त्यांना विचारा आणि उत्तर गावाला कळवा.

मैदान भाड्याने देताना आधी अनामत रक्कम घ्या आणि खड्डे बुजवून, खिळे वेचून मैदान परत मिळाल्याशिवाय ती सोडू नका. यासाठी पैसा लागत नाही, एक कारकून लागतो.

आणि शेवटची, मैदानाविषयी पुढे जो काही निर्णय होईल त्यावर आधी खुली सभा घ्या. मैदानावरच घ्या. संध्याकाळी घ्या, म्हणजे मजुरीवरून परतलेले आई-बाप येऊ शकतील.

माहिती अधिकारात आम्ही ठरावाची प्रत, मोजणीचा नकाशा आणि संकुलाच्या खर्चाचा तपशील मागितला आहे. तीस दिवसांची मुदत अजून संपलेली नाही, आम्ही वाट बघतो आहोत. खुंट्या आम्ही उपटलेल्या नाहीत. मोठ्या पोरांच्या मनात होतं, मी त्यांना थांबवलं. त्या नगर परिषदेने ठोकल्या आहेत, नगर परिषदेनेच काढाव्यात.

सर्वसाधारण सभेच्या दिवशी सकाळी सहा वाजता आम्ही सगळे मैदानावर असू. आदल्या संध्याकाळी पोरं चुन्याने पूर्ण मैदान आखून ठेवतील, मध्यवर्तुळ, पेनल्टी बॉक्स, चारही कॉर्नर. तुमच्या मोजणीच्या रेघेवर आम्ही लाल दोरी बांधू, म्हणजे कुठे काय येतं ते स्वच्छ दिसेल. तुम्ही सगळे या. पक्ष कोणताही असो, वॉर्ड कोणताही असो. सभेला जाण्याआधी दहा मिनिटं या, दोरीच्या दोन्ही बाजूंना उभं राहून बघा, आणि त्या सातवीतल्या पोराला भेटा. त्याचा प्रश्न तो तुम्हाला स्वतःच विचारेल.

चहा माझ्या दुकानात ठेवला आहे.

आपला,
फुटबॉल क्लबचा सचिव,
मार्केट मैदानासमोरचा सायकलवाला